मे महिन्यातलं नाशिक आणि जुलैतलं श्रीवर्धन

पत्र:

ताई, मी श्रीवर्धनची, वय २०, बीकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा झाल्यावर एप्रिलमध्ये नाशिकला मावशीकडे गेले होते, इंदिरानगरला. कॅनडा कॉर्नरला एका टॅक्स कन्सल्टंट सरांच्या ऑफिसात काम केलं, महिना ६ हजार मिळायचे, अर्धा जून झाल्यावर परत आले. आल्यापासून इथे मनच लागत नाहीये. लाईट कधीही जाते, वायफाय बंद पडलं की दोन दोन दिवस बंद, कपडे वाळत नाहीत, नाशिकला घेतलेल्या नव्या बॅगेला बुरशी आली. बाजारात मी काय घेतलं ते मी घरी पोचायच्या आधी आईला कळलेलं असतं. मैत्रिणी म्हणतात हिला नाशिकची हवा लागली. आगोटीचं सगळं यंदा आईने एकटीने केलं म्हणून ती पण चिडचिड करते, परवा म्हणाली जा मग तुझ्या नाशिकलाच. बाबा मात्र खुश आहेत, निसर्ग वादळात आमची वाडी आडवी झाली होती, आता नवीन सुपारी धरायला लागलीये. मावशी म्हणते कायमची ये, तिचा टू बीएचके आहे, मावसभावाची खोली मला दिली होती, तो आता बारावीला गेलाय. गोदावरी पण समुद्राच्या एवढ्या जवळ जन्मून उलट्या दिशेला निघून गेलीच ना, मग मी का नाही? शेवटचं वर्ष ट्रान्सफर घेऊन नाशिकला करू का? की माझ्यातच काही बिघडलंय?
– नाशिक मिस करणारी

उत्तर:

अगं, बिघडलंबिघडलं काही नाहीये. गोदावरीचं मात्र भारी लिहिलंस. त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही, आणि बाई निघाली ती पार आंध्रात, बंगालच्या उपसागराला. पण तिला मधेच युनिव्हर्सिटी बदलावी लागली नाही आणि मावसभावाला हॉलमध्ये झोपवावं लागलं नाही, एवढा फरक धर.

उत्तर आधीच सांगून टाकते म्हणजे तू शेवटपर्यंत श्वास रोखून वाचणार नाहीस. ट्रान्सफर घेऊ नकोस. नाशिकला ये, जरूर ये, पण पुढच्या वर्षी, डिग्री हातात घेऊन, आणि मावशीकडे राहायला नाही. आता का ते सांगते, जरा लांबेल.

तू ज्या नाशिकमध्ये राहिलीस ना, ते आम्ही पाहुण्यांसाठी काढून ठेवलेलं नाशिक आहे. मी इथलीच, आमच्याकडेही दर मे महिन्यात कोणी ना कोणी भाचरं येतात, त्यामुळे हा कार्यक्रम मला पाठ आहे. रविवारी सकाळी मिसळ, ती पण गावाबाहेर मळ्यातली, झाडाखाली बसून. मग सोमेश्वर, एखाद्या संध्याकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला चक्कर, एकदा पांडवलेणी चढायची, रात्री कॉलेज रोडला आईस्क्रीम. उन्हाळ्यात दुपारी इथे भाजून निघतं पण रात्री हवा सुटते, घाम नाही, चिकचिक नाही, कोकणातल्या माणसाला तर ती रात्र एसीच वाटते. आणि घरी आल्यावर ताट वाढलेलं. पाहुणी असताना तुला मावशीने ओटा पुसायला तरी लावला का? नसेलच लावला.

आता तीच मावशी जुलैत बघ. पोराची बारावी, क्लासच्या फिया, सकाळी सहाला डबा, पावसाने वाळत घातलेले कपडे इथेही वाळत नाहीतच, आणि वर २०२७ च्या सिंहस्थासाठी जिकडे तिकडे रस्ते खणून ठेवलेत, इंदिरानगरहून कॅनडा कॉर्नरला यायचं म्हणजे मुंबई-आग्रा हायवे कुठे तरी पार करायचाच आणि तिथे काय होतं ते तू एप्रिल-मेमध्ये पाहिलंच असेल, आता त्यात पाणी आणि चिखल घाल. "कायमची ये" हे मावशी मनापासूनच म्हणत असेल, त्यात मला शंका नाही. पण कायमची ये म्हणणारी माणसं दिवाळीपर्यंतचा विचार करून म्हणत नाहीत. बारावीच्या पोराची खोली वर्षभर तुझ्याकडे राहणार, तो हॉलमध्ये टीव्ही बंद करून अभ्यास करणार, काका ऑफिसातून येऊन बातम्या लावायच्या की नाही म्हणून विचारात पडणार. कोणी तोंडाने काही बोलणार नाही. आणि मग तू मला पुढचं पत्र लिहिशील की मावशी आजकाल नीट बोलत नाही. अडीच महिन्यांत जे नातं एवढं गोड झालंय ते एका वर्षात आंबवायचं कशाला?

आता ट्रान्सफरचं, कारण यात भावनेचा काही संबंध नाही, सरळ कागदांचा आहे. रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठात येतो आणि नाशिक सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात. गंमत अशी की कॉलेज रोडचं बीवायके कॉलेज आणि तुमच्या श्रीवर्धनचं कॉलेज दोन्ही गोखले एज्युकेशन सोसायटीचीच, पण संस्था एक असून काही उपयोग नाही, विद्यापीठ बदलतं म्हणजे सिलॅबस बदलतो, आधीच्या दोन वर्षांचे विषय आणि क्रेडिट जुळतात का ते बघावं लागतं, मायग्रेशन सर्टिफिकेट, एलिजिबिलिटी, नाहरकत, आणि हे सगळं शेवटच्या वर्षाच्या तोंडावर. एखादा विषय जुळला नाही म्हणून मागच्या वर्षाचा पेपर परत द्यायला लागला तर तेव्हा तुला नाशिक काय आणि श्रीवर्धन काय, दोन्ही नकोसं होईल. हेच मायग्रेशन डिग्री झाल्यावर एमकॉमला काढलंस तर तो रोजचा मामला आहे, दरवर्षी पोरं एका विद्यापीठातून दुसरीकडे जातात, कोणाचं काही अडत नाही. आणि नोकरी करत शिकायचं असेल तर मुक्त विद्यापीठ आहेच, यशवंतराव चव्हाण, त्याचं मुख्यालयच नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला आहे पण त्यासाठी नाशिकला राहावंच लागतं असं नाही, राज्यभर केंद्रं आहेत.

पैशाचं बोलू. तुझे ते ६ हजार. आयुष्यातली पहिली कमाई, मला कळतं, तो आनंद वेगळाच असतो, बॅग घेतलीस, मैत्रिणींना काहीबाही आणलं असशील. पण त्यातला एक रुपया राहण्याखाण्यावर गेला नाही. कॉट बेसिसवर शेअरिंगची खोली आणि दोन वेळचा डबा एवढ्यातच ते ६ हजार संपतात, मग सिटीलिंक बसचा पास, मोबाईल, महिन्यातून एकदा घरी जायचं भाडं हे कुठून? एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय २०२३ पासून, हे खरं, पण नाशिक-पनवेल-माणगाव-म्हसळा-श्रीवर्धन करताना अख्खा दिवस जातो तो अर्धा होत नाही. म्हणून म्हणते, डिग्री घेऊन ये, टॅली आणि जीएसटीचं काम हाताशी घेऊन ये, मग सर ६ नाही, त्याच्या दुप्पट तरी बोलतील किंवा दुसरे कोणी बोलतील. आणि एक जाता जाता, पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मोठी स्नानं आहेत, त्या वेळेला नाशिकमध्ये खोली शोधायला निघू नकोस, भाडं ऐकून परत फिरशील. मे-जूनमध्येच जागा बघून ठेव.

हे झालं व्यवहाराचं. पण तू मला युनिव्हर्सिटी विचारायला पत्र लिहिलेलं नाहीस, खरं ना?

तुझं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की तू मिस करतेयस ते नाशिक नाही. सोमेश्वर, मिसळ, कॉलेज रोड यातलं एकही नाव तुझ्या पत्रात नाहीये, बघ परत वाचून. आहे काय तर ऑफिस, पगार, आणि बाजारातलं ते वाक्य. म्हणजे तुला तिथे जे मिळालं ते असं की आपण रस्त्याने चाललोय आणि आपण कोणाची मुलगी हे कोणालाच माहीत नाही. कानात इअरफोन, हातात पिशवी, पिशवीत काय आहे याची चौकशी नाही. गावातल्या मुलीला ही चैन पहिल्यांदा मिळते तेव्हा ती सुटत नाही. यात कृतघ्नपणा नाही, उगाच अपराधी वाटून घेऊ नकोस, आणि "गावातली माणसं किती प्रेमाने चौकशी करतात" हे पण मी तुला ऐकवणार नाही, कारण प्रेम असतं तशी पंचाईत पण असते आणि दोन्ही एकाच ओट्यावर बसलेली असतात.

त्यावर उपाय एकच मला माहितीये, कंटाळवाणं होणं. कुठे निघालीस गं म्हटलं की "जरा फिरून येते" एवढंच, हसून, थांबायचं नाही, कारण द्यायचं नाही. रोज त्याच वेळेला बीचवरून चक्कर मारायला लाग, जुलैतला समुद्र आहे म्हणजे पाण्याच्या जवळ जायचं नाही हे तुला मी सांगायला नको. पहिले काही दिवस विचारतील, मग तुझं फिरणं त्यांच्यासाठी शिळं होईल. लोकांना नव्याची पंचाईत असते, जुन्याची कोणाला नसते, आणि तू अडीच महिने बाहेर राहून आलीस म्हणजे सध्या गावातली ताजी बातमी तूच आहेस. मासेमारी पण बंद, जीवना बंदरावर होड्या वर ओढून ठेवलेल्या, टुरिस्ट नाहीत, लोकांनी बोलायचं तरी कशावर? नारळी पौर्णिमेनंतर होड्या परत पाण्यात गेल्या, गणपतीला चाकरमानी आले की तुला कोणी विचारणार नाही.

मैत्रिणींचं पण तसंच. नाशिकच्या गोष्टी थोडे दिवस बंद ठेव आणि त्यांना विचार की इथे मे महिन्यात काय काय झालं. एवढंच, त्याच्यावर जास्त लिहीत नाही. बॅग व्हिनेगरच्या फडक्याने पूस, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब आणि ऊन पडेल तेव्हा पडवीत काढ. लाईट आणि वायफायचं माझ्याकडे काही औषध नाही, आमच्याकडे पण वारा सुटला की जाते, तुझ्याइतकी नाही एवढंच.

आता आई. इथे मात्र मला तुझ्याशी जरा भांडायचंय.

"आगोटीचं सगळं यंदा आईने एकटीने केलं म्हणून ती चिडचिड करते." एका वाक्यात उरकलंस! नाशिककर वाचकांसाठी सांगते, आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची घराची बेगमी, पाऊस सुरू झाला की ऊन नाही, समुद्र बंद, ताजी मासळी नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये सगळं भरून ठेवायचं. सुकट, बोंबील उन्हात खडखडीत करून डब्यात. मसाला कुटून आणायचा. रातांबे फोडायचे, बी काढायची, सालं त्याच रसात बुडवून परत उन्हात, परत बुडवून परत उन्हात, आमसुलं काळी होईपर्यंत. फणसाच्या गऱ्यांचा रस ताटात पसरून पोळ्या वाळवायच्या. पापड, कुरडया. लाकूडफाटा आत घ्यायचा. आणि हे सगळं आभाळाकडे बघत, दुपारी ढग आला की धावत जाऊन ताटं आत, ढग गेला की परत बाहेर. हे दोन माणसांचं काम आहे गं. इतकी वर्षं ताटं आत आणायला धावणारं दुसरं माणूस कोण होतं?

यंदा ती एकटी धावली. आणि तू परत आलीस ती सगळं डब्यात भरून झाल्यावर, आणि आल्या आल्या म्हणालीस की नाशिकला लाईट जात नाही. "जा मग तुझ्या नाशिकलाच" हे तिचं वाक्य मला तरी नाशिकवरचं वाटत नाही. ती तुला थांबवत नव्हती, तिनेच पाठवलं ना एप्रिलमध्ये? तिला एकदा कोणीतरी म्हणायला हवंय की यंदा तुझी फार धावपळ झाली. ते तू म्हण. माफी वगैरेचा मोठा सीन करू नकोस, आयांना ते अवघड जातं, त्यापेक्षा जेवताना विचार की आमसुलं यंदा किती किलो झाली आणि रातांबे कोणाकडून आणले. ती अर्धा तास बोलेल, बघच. आणि "नाशिकला असं नसतं" हे वाक्य घरात बंद, निदान गणपती होईपर्यंत. मनात म्हण पाहिजे तेवढं.

बाबांचं वेगळं आहे आणि माझ्या मते जास्त नाजूक आहे, तुला तो धोका दिसला नाहीये म्हणून सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ तुमच्या दिवेआगर-श्रीवर्धनच्याच किनाऱ्यावर आलं, तू तेव्हा चौदाची असशील. नारळी-सुपारीच्या वाड्याच्या वाड्या एका दिवसात गेल्या, आमच्याकडे नाशिकला पण त्या दिवशी वारा-पाऊस होता पण आमची झाडं पडली ती रस्त्यावरची, कोणाचं पोट त्यावर नव्हतं. सुपारी लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं जातात. म्हणजे तुझ्या बाबांनी तेव्हा रोपं लावली ती आत्ता कुठे धरतायत, या पावसात कोळेरोगाने फळं गळू नयेत म्हणून त्यांनी मे-जूनमध्ये बोर्डो मिश्रण मारलं असेल, आणि ते रोज सकाळी वाडीत जाऊन वर बघत असणार. हा माणूस खुश आहे ते बरोबरच आहे. पण तुझ्या खुश असण्याची त्याने जी अपेक्षा धरलीये त्यात "ही वाडी तुम्हा पोरांसाठीच" असं न बोललेलं काहीतरी आहे का हे बघ. असेल तर त्यांना अंधारात ठेवू नकोस. खोटं खोटं उत्साहाने सुपाऱ्या मोजू नकोस आणि एक दिवस एकदम बॅग भरून पण निघू नकोस. सरळ सांग, बाबा मला डिग्रीनंतर दोन-तीन वर्षं नाशिकला काम करायचंय, पुढचं पुढे बघू. ज्या माणसाने पन्नाशीच्या आसपास परत रोपं लावायला घेतली त्याला दोन-तीन वर्षं म्हणजे काय ते कळतं.

आणि इथलं वर्षही रिकामं घालवू नकोस, कारण रिकामं डोकं असलं की तू दिवसभर इन्स्टावर मावसभावाच्या कॉलेज रोडच्या स्टोऱ्या बघणार. तुला जे काम येतं ते तुमच्याकडे लागतं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, घरगुती राहण्याजेवणाची सोय करणारे कितीतरी लोक आहेत, बुकिंग फोनवर, हिशोब वहीत, पैसे गुगल पेवर आणि वर्षाच्या शेवटी सगळा गोंधळ. सेवेच्या धंद्यात २० लाखांच्या वर उलाढाल गेली की जीएसटी रजिस्ट्रेशन लागतं हे अनेकांना माहीत असतं पण आपली उलाढाल किती हेच माहीत नसतं. एखाद्या ओळखीच्या घरी जाऊन महिन्याचा हिशोब टॅलीत घालून देते म्हण. पैसे घे. फुकट करू नकोस, एकदा फुकट केलंस की गावभर फुकट करावं लागेल, आणि तुला मिस होतंय त्यातला निम्मा भाग स्वतःच्या कमाईचा आहे असं मला वाटतं.

(जाता जाता, आमच्या कॉलनीतली अर्धी माणसं दर मे महिन्यात गाड्या भरून तुमच्याच किनाऱ्यावर जातात. परत आली की आठवडाभर म्हणत असतात फ्लॅट विकून टाकू, कोकणात वाडी घेऊ, काय आहे या नाशिकमध्ये. अजून एकाने पण फ्लॅट विकलेला नाही.)

आता शेवटचं आणि घाईचं. जुलै म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्नचा सीझन, तुझ्या त्या सरांच्या ऑफिसात सध्या माणसं कमी पडत असणार, आणि तू त्यांच्या हाताखाली शिकलेली आहेस, नवीन कोणाला शिकवायला त्यांना आत्ता वेळ नाही. त्यांना फोन लाव आणि विचार की बिलांची एंट्री, बँक स्टेटमेंटचं काम घरून देता का, पगार नको, कामाच्या हिशोबाने द्या. नेट जातं हे आधीच सांग, आज दिलं की उद्या संध्याकाळपर्यंत करून देईन असं सांग, म्हणजे नंतर खोटं पडायला नको. हो म्हणाले तर पुढच्या वर्षीची नोकरी अर्धी पक्की झाली असं समज. फोन या आठवड्यातच कर मात्र, सीझन ओसरला की ते गोड बोलून म्हणतील, पुढच्या वर्षी बघू.